दिगंबर कुदळे यांचा अग्रांक

"मॅडम, तुमचं हे यंत्र कधी पोलिसांना पकडतं का?"

प्रश्न विचारला आलापी कुदळेने, पण डोकं तिचं नव्हतं. डोकं होतं कादंबरी आणि गाथा या तिच्या मैत्रिणींचं, आणि त्यावर लसणाच्या भडंगाच्या एका अख्ख्या पाकिटाची पैज लागली होती. डबा खाताना दोघींनी सांगितलं होतं, "विचारून दाखव, मग मानू." आलापी उभी राहिली, वेणी मागे टाकली आणि विचारून मोकळी झाली.

वर्षभरापूर्वी हीच मुलगी हजेरीला "यस मिस" म्हणतानासुद्धा पुटपुटायची. तिचे आई-बाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर. चार वर्षांची असल्यापासून आलापी त्यांचा आवाज. बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या दुकानात ती हजारो वाक्यं बोलली होती आणि त्यातलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं. मग नववीत शाळेच्या एकांकिकेत ऐन वेळी राणीला कांजिण्या आल्या, बाईंनी आलापीला ढकललं, आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. त्या दिवसापासून तिचं तोंड काही थांबेना.

सभागृहात दहावीची एकशे ऐंशी पोरं स्टेजकडे बघायला लागली. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. स्टेजवर तांबेगिरी शहराच्या पोलीस निरीक्षक तेजस्विनी गवंडी उभ्या होत्या. 'आपले पोलीस, आपले मित्र' सप्ताह चालू होता, आणि पोलिसांचं नवं यंत्र मुलांना दाखवायला त्या आल्या होत्या. कागदोपत्री त्याचं नाव 'समूह विश्लेषण प्रणाली'. सगळं शहर त्याला म्होरक्या म्हणायचं.

गवंडी मॅडम रागावल्या नाहीत. उलट हसल्या.

"चांगला प्रश्न आहे. उत्तर देते, पण आधी यंत्र कळू दे. कबुतरांचा थवा वळताना पाहिलाय? सगळी एकदम वळल्यासारखी वाटतात. पण एकदम कधीच वळत नाहीत. एक आधी वळतं, बाकीची सेकंदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाने मागून. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. आमचा कॅमेरा सेकंदाला दोनशे चित्रं घेतो. प्रत्येकाची मान, खांदे, हात. मग यंत्र एकेक जोडी तपासतं. अ हलला म्हणून ब हलला, की ब हलला म्हणून अ? तुम्ही एकशे ऐंशी जण, म्हणजे सोळा हजारांवर जोड्या झाल्या. त्याला अर्धं मिनिट पुरतं. ज्याच्या मागून सगळे हलतात, तो पुढारी. शंभरपैकी किती पुढारी, तो त्याचा अग्रांक."

मागच्या पडद्यावर सभागृहच दिसत होतं. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर एक ठिपका आणि ठिपक्यांमधून धावणारे बारीक बाण.

"पूर्वी मोर्चात जो जास्त ओरडेल त्याला आम्ही धरायचो," मॅडम म्हणाल्या. "खरा म्होरक्या बाजूला गप्प उभा असायचा. आता ती भानगडच नाही. आणि तुझं उत्तर, नाही. गणवेश दिसला की यंत्र तो माणूस चित्रातून पुसून टाकतं. नाहीतर बंदोबस्तातली आमचीच माणसं पुढारी निघायची! बघा, तुमच्यातले एन.सी.सी.वाले पडद्यावर आहेत का?"

सगळ्यांनी पाहिलं. खाकीतल्या बारा मुलामुलींच्या जागी बारा रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. त्यांतली एक कादंबरीची.

"कादे, तू मेलीस!" गाथा ओरडली. "भूत झालीस!"

सभागृह हास्याने फुटलं. आलापी मागे वळून हसली तसे सगळे तिच्याकडे वळले, आणि तिने उगाचच हात वर करून टाळी वाजवली तशी टाळ्यांची सरच आली. पडद्यावर तिचा ठिपका फुगत फुगत लिंबाएवढा झाला. खाली आकडा आला, ८४.

"ही बघा तुमची पुढारी," गवंडी मॅडम म्हणाल्या. "नाव काय गं तुझं?"

"आलापी दिगंबर कुदळे!" ती इतक्या ठसक्यात म्हणाली की आणखी टाळ्या पडल्या.

भडंगाचं पाकीट शाळा सुटायच्या आत फस्त झालं.

*

घरी तिने ही सगळी गोष्ट हातांनी सांगितली. थवा, बाण, भूत झालेली कादंबरी. बाबा पोट धरून हसले. ते जिल्हा परिषदेच्या छापखान्यात बाइंडर होते. दर मार्चमध्ये त्यांचं कंत्राट नवं व्हायचं. आई घरीच शिवणकाम करायची. दोघं आलापीला नावाने कधी हाक मारत नसत. ते नाव मामाने ठेवलेलं, कुणाला ऐकू येणार आहे याचा काहीही विचार न करता. घरात तिचं नाव म्हणजे गालावर तर्जनी टेकवून एक गिरकी. तिच्या खळीची खूण.

हसणं थांबल्यावर बाबांनी हातांनी विचारलं, "रविवारी येणार ना?"

रविवारी कचेरीसमोरच्या मैदानात जिल्ह्यातल्या कर्णबधिरांचं धरणं होतं. रीतसर परवानगी काढलेली. मागणी एकच होती. प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि सरकारी दवाखान्यात खुणांच्या भाषेचा दुभाषी नेमा. कारण होता मारुती. मारुती पेंटर, बाबांचा दोस्त. दिवाळीत रात्रपाळीहून सायकलवर येताना पोलिसांनी मागून "थांब" म्हटलं. त्याला ते ऐकू आलं नाही, तो थांबला नाही. मग दंड मोडेपर्यंत मार, आणि वर दोन दिवस कोठडी. त्याला काय म्हणायचंय हे कळणारं तिथे कुणीच नव्हतं.

"येणार म्हणजे काय!" आलापीने सांगितलं. "तुमचं भाषण आहे ना."

बाबांचा नंबर तिसरा होता. आयुष्यात पहिल्यांदाच ते चारचौघांसमोर उभे राहणार होते.

*

तीनशे माणसांचं धरणं आणि आवाज म्हणाल तर कावळ्यांचा. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे आणि नकळत स्वतःही हळू बोलायला लागायचे. टाळ्यांच्या जागी सहाशे हात हवेत थरथरायचे. बंदोबस्तातला एक शिपाई दुसऱ्याला म्हणाला, "गोंगाटाचा गुन्हा तरी लागणार नाही यांना."

मैदानाच्या टोकाला एका स्टुलावर रेश्माताई मुजावर उभ्या होत्या. हक्क मंचाच्या कार्यकर्त्या आणि सबंध जिल्ह्यातल्या एकमेव प्रशिक्षित दुभाषी. धरणं, मोर्चा, उपोषण, काही असो, रेश्माताई असायच्याच. पोलिसांचं लोकांना सांगायच्या, लोकांचं पोलिसांना, आणि कुणावर हात पडला तर वेळेसकट वहीत लिहून ठेवायच्या. ती वही पोलिसांना मुळीच आवडत नसे. त्यांच्या घरमालकाकडे वर्षात चार वेळा शिपाई "सहज" चौकशी करून गेला होता.

खांबावर म्होरक्याचे दोन कॅमेरे होते. आलापीने पहिल्या रांगेतून त्यांना टाटा केलं.

पावणेबाराला रस्त्यावर एक बस अडली. गवंडी मॅडमनी भोंगा तोंडाला लावला, "मंडळी, मागे सरका. रस्ता मोकळा करा. कुंपणाच्या आत व्हा."

भोंगा आणि तीनशे बहिरी माणसं! रेश्माताईंनी ऐकलं आणि दोन्ही तळवे पुढे करून मागे रेटल्याची खूण केली. तीनशे माणसं, एकाच दमात, दहा पावलं मागे सरकली. शाळेच्या कवायतीत इतकं नीट कधी जमलं नव्हतं. बस निघून गेली.

मिनिटभराने दोन महिला पोलीस स्टुलापाशी आल्या. "खाली उतरा. तुमचा अग्रांक शहाण्णव आलाय. चला."

"अहो, पण मी तुमचंच—"

एकीने वही काढून घेतली. दुसरीने रेश्माताईंचे हात पाठीमागे धरले.

पोलिसांना त्यात काही विशेष वाटलं नसेल. माणसाला न्यायचं तर असंच नेतात. पण इथे बोलणं हातांनीच चालायचं. कुणाच्या तोंडात बोळा कोंबावा तसं होतं ते. तीनशे माणसांनी ते पाहिलं आणि सगळी एकदम उठली. काय झालं हे विचारायला उठली, दुसरं काही नाही. हात भराभर चालायला लागले. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांना ते मारामारीच्या तयारीसारखं दिसलं.

भोंग्यातून आलं, "बसा! सगळे खाली बसा! नाहीतर बळाचा वापर करावा लागेल!"

कुणीच बसलं नाही. बसणार कसं? काठ्या वर झाल्या. पहिली काठी एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडली, दुसरी मारुतीच्या त्याच मोडक्या दंडावर. आलापीची आई धक्क्याने गुडघ्यावर पडली.

आपण स्टुलावर कधी चढलो हे आलापीला नंतर आठवेना. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले, सगळ्यांची नजर मिळेपर्यंत हलवले, आणि मग एकच खूण केली. बसा.

तीनशे माणसं बसली. काठ्या हवेतल्या हवेत थांबल्या, कारण उभं असं कुणी उरलंच नव्हतं. फक्त ती.

*

मंगळवारी नोटीस आली, दिगंबर कुदळे यांच्या नावाने.

ठाण्यात बाबांना खुर्ची दिली. एका जमादाराने कागद वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "यांना कोण सांगणार?"

सगळे आलापीकडे बघायला लागले.

"मीच?" ती म्हणाली. "म्हणजे गुन्हा पण माझा आणि दुभाषी पण मीच?"

"आमच्याकडे माणूस नाही," जमादार म्हणाला, आणि आपण आत्ता काय बोललो ते त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

तर आलापीने बाबांना सांगितलं. तुमची मुलगी अज्ञान आहे, वय सोळा. धरण्यात तिचा अग्रांक चौऱ्याण्णव आला. अज्ञान मुलांची नोंद पालकाच्या नावावर होते. ही पहिली नोंद, म्हणून समज देऊन सोडतोय. दुसरी झाली की तुमचा चारित्र्याचा दाखला वर्षभर रोखला जाईल. सांगताना तिचे हात पहिल्यांदाच अडखळले. दाखला नाही तर मार्चनंतर कंत्राट नाही, हे कागदात नव्हतं. ते तिला घरूनच पाठ होतं.

बाबांनी सही केली.

शेजारच्या खोलीत गवंडी मॅडम होत्या. आलापी सरळ आत गेली. वर्षभरापूर्वी असं काही करायची तिची छातीच झाली नसती.

"मॅडम, रविवारची नोंद बघता येईल? अकरा सेहेचाळीसची?"

मॅडमनी भुवई उंचावली, पण पडदा वळवला. मैदान, ठिपके, बाण. स्टुलावरून तीनशे बाण निघत होते.

"इथे रेश्माताई हलल्या," आलापी पडद्याला बोट लावून म्हणाली, "आणि लोक त्यानंतर तीन दशांश सेकंदांनी. बरोबर. पण रेश्माताई कशामुळे हलल्या? त्याच्या जवळजवळ एक सेकंद आधी तुम्ही भोंग्यावर बोललात. म्हणजे पहिला बाण तुमच्यापासून निघायला हवा. पण तुम्ही चित्रात नाहीच! तुम्हाला पुसलंय. आणि यंत्राला ऐकूही येत नाही. म्हणून तुमच्या हुकमाचा अग्रांक त्यांच्यावर चढला. आणि माझं 'बसा'? ते पण तुमचंच होतं."

बोलताना तिचा आवाज चढला होता. मॅडम पडद्याजवळ सरकून बघायला लागल्या. खरंच बघत होत्या. एकदा तर त्यांनी चित्र मागे घेऊन पुन्हा लावलं.

"दिसतंय मला," त्या शेवटी म्हणाल्या. "शाळेतही चांगला प्रश्न विचारला होतास. डोकं आहे तुला."

"मग नोंद काढा ना."

"काढायची कुठून? अर्जात 'कारण' असा रकाना असतो. त्यात पाच पर्याय आहेत. चेहरा चुकीचा, वेळ चुकीची, असे. पोलिसांचा हुकूम सांगत होती, असा पर्यायच नाही."

"मग सहावा घाला."

"ते मुंबईहून होतं." मॅडमनी पडदा परत वळवला. "एक सांगू, बाळ? येत्या रविवारी पुन्हा धरणं आहे, तेव्हा घरी बस. बाबांचा विचार कर."

त्या प्रेमानेच बोलल्या होत्या. तेच जास्त लागलं.

बाहेर भिंतीकडेच्या बाकावर रेश्माताई बसल्या होत्या. सहा महिने कुठल्याही जमावात जायचं नाही असा जामीन त्यांच्याकडून लिहून घेतला होता, आणि वर चौकशीसाठी रोज हजेरी, दहा ते पाच. चौकशी काही होत नव्हती. नुसतं बसवून ठेवायचे. डाव्या मनगटाला पट्टी होती.

"हात कसा आहे?" आलापीने विचारलं.

"अर्धी बाराखडी येते," रेश्माताई हसल्या. "काल एकाला 'पाणी' म्हणायचं होतं, भलतंच काहीतरी म्हणाले. तो बिचारा लाजला."

"रविवारी दुसरं कोण येईल?"

"शेजारच्या जिल्ह्यातल्या तिघांना विचारलं. तिघंही म्हणाले, लेकरंबाळं आहेत. खोटं नाही त्यांचं." त्यांनी आवाज खाली आणला. "लोक मात्र येणार आहेत, आलापी. धरणं रद्द करू नका म्हणून मारुतीच सगळ्यांना सांगत फिरतोय. पुन्हा कुणी भोंग्यावर 'बसा' म्हणालं आणि सांगायला कुणी नसलं, तर..."

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. आईचा गुडघा अजून सुजलेला होता.

*

घरी बाबांनी निर्णय सांगून टाकला. रविवारी आपल्यातलं कुणीही जाणार नाही.

"आणि तुमचं राहिलेलं भाषण?" आलापीने विचारलं.

"राहू दे."

"मारुतीकाका जाणार आहेत."

बाबांनी मान फिरवली. त्यांच्या घरात वाद संपवायची हीच पद्धत होती. समोरच्याकडे बघायचंच नाही. मग तुम्ही कितीही बोला.

खरं सांगायचं तर आलापी स्वतःपुरतं केव्हाच ठरवून बसली होती. तिच्या एकटीच्या नावावर दहा नोंदी झाल्या असत्या तरी तिने कॅमेऱ्याला टाटाच केला असता. पण हे बाबांच्या नावावर जाणार होतं. दुसऱ्याच्या जिवावर शूर व्हायचं म्हणजे अवघडच की. दोन दिवस ती वर्गात गप्प बसली. बाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत कादंबरीने बॉम्ब टाकला. "तू भूत हो."

"काय?"

"माझा एन.सी.सी.चा ड्रेस घाल! खाकी दिसली की म्होरक्या पुसून टाकतो. स्टुलावर उभी राहा, तीनशे काय तीन हजार माणसं नाचव. पडद्यावर स्टूल रिकामं!"

गाथाने कपाळावर हात मारून घेतला. "कादे, इतकं डोकं तू परीक्षेत का नाही वापरत?"

आलापीने कादंबरीचा मुकाच घेतला. नोंद नाही, दाखला सुरक्षित, लोक सुरक्षित. वेणी उडवत ती घरी गेली. पिशवीत कादंबरीच्या घरून घेतलेला, घडी घातलेला गणवेश होता.

शनिवारी सकाळी तिने तो चढवला. पट्टा आवळला, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि स्वयंपाकघरात आईसमोर जाऊन उभी राहिली. आई भाकरी थापत होती. आलापीने सरावाला म्हणून खुणा केल्या, "मागे सरका. शांत राहा. डॉक्टर येत आहेत."

आईने डोळे बारीक केले. पिठाच्या हातांनीच विचारलं, "काय? परत सांग."

आलापीने परत सांगितलं.

"खिडकीपाशी ये. उजेडात."

तिसऱ्यांदाही आईला निम्मंच कळलं. मग आईने पुढे होऊन लेकीचा हात उचलला आणि तिच्याच छातीवर, खाकी कापडावर ठेवला. सावळा हात, मातकट कापड. "बघ," आईने खूण केली. "तुझे हातच दिसत नाहीत. मी चार फुटांवर आहे. मागच्या रांगेतल्याला काय दिसणार?"

रेश्माताई कायम काळा कुडता का घालतात हे आलापीला माहीत होतं. सगळेच दुभाषी गडद, बिननक्षीचे कपडे घालतात, त्यावर हात उठून दिसावेत म्हणून. हे तिला पहिलीतल्या पाढ्यांसारखं पाठ होतं. पण म्होरक्याला फसवायच्या आनंदात ती हेच विसरली होती की तिला मुळात दिसायचं होतं. यंत्राला दिसत नाही ते माणसांनाही दिसत नाही, असा एकुलता एक कपडा जगात असेल, तर तो तिने घातला होता.

ती कपडे बदलायला आतल्या खोलीकडे गेली आणि दारातच थबकली.

बाबा कपाटाच्या आरशासमोर उभे होते. पाठ दाराकडे. त्यांना चाहूल लागण्याचा प्रश्नच नव्हता, आणि नजर होती ती स्वतःच्याच हातांवर. ते भाषण करत होते. जायचं नाही म्हणून सांगितलेलं, राहू दे म्हणून सोडलेलं. आरशातून आलापीला ते सगळं वाचता येत होतं.

माझं नाव दिगंबर कुदळे. मी पुस्तकं बांधतो. माझा मित्र मारुती थांबला नाही, कारण त्याला कुणी हाकच मारली नव्हती. आम्हाला ऐकू येईल अशी हाक तुमच्याकडे नाही. ती शिकलेला एक माणूस ठाण्यात ठेवा. एवढंच मागतो.

इथे ते गडबडले. मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आलापी मागच्या मागे सरकली. न्हाणीघरात जाऊन तिने गणवेश उतरवला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि आईच्या कपाटातून काळा कुडता काढून घातला. खांद्याला थोडा ढगळ होता. टाचण लावली की भागलं असतं.

मग तिने बैठकीच्या खोलीतल्या दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद केलं. घरात हाक मारायची ती रीत. आई पदराला हात पुसत आली. बाबा आले, जरा अवघडलेले, जणू काही चोरी पकडली गेली असावी तसे.

"दोघं बसा," आलापीने सांगितलं.

दोघं बसली.

"उद्या स्टुलावर मी उभी राहणार आहे. विचारत नाहीये, सांगते आहे."

बाबांचे हात उठले. तिने तळवा पुढे धरला. थांबा.

"नोंद तुमच्या नावावर होणार, मला माहितीये. मार्चचंही माहितीये. चार दिवस तेच डोक्यात आहे. पण मी नाही गेले तर उद्या भोंगा वाजेल आणि मारुतीकाकांना तो ऐकू येणार नाही. आणि चार वर्षांची असल्यापासून तुमचं बोलणं मी लोकांना सांगत आलेय. बँकेत 'सही जुळत नाही' म्हणाले तेव्हा तुम्ही रागावलात आणि रागाने मी बोलले. तेव्हा राग कुणाचा होता? तुमचाच ना? मग उद्याही तसंच. पोलीस म्हणतील ते मी तुम्हा सगळ्यांना सांगेन. तुम्ही सगळे म्हणाल ते पोलिसांना. आणि तिसरं भाषण बाबांचं. ते मी मोठ्याने सांगणार आहे, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी या वेळी मान फिरवली नाही.

"यंत्र म्हणेल, म्होरक्या दिगंबर कुदळे," आलापीचे हात काळ्या कुडत्यावर लख्ख दिसत होते. "म्हणू दे. एरवी ते चुकतं. उद्या चुकणार नाही. भाषण तुमचंच आहे, मी काय, मागून हलणार."

बाबांनी हळूच विचारलं, "तू पाहिलंस? आरशात?"

"पाहिलं. चांगलं आहे. फक्त मारुतीकाकांच्या वाक्याला तुम्ही फार घाई करता. उद्या तिथे जरा सावकाश घ्या. मला आवाज लावायला वेळ लागतो."